किराळ

मार्चात अवकाळी झाली. कापलेल्या ज्वारीच्या
बुडख्यांना आठ दिवसांत पोपटी फुटवे आले,
वीतभर, लुसलुशीत. कुणालाही वाटावं
देवानंच वैरण टाकली.
मी पट्टीबंधक, जनावरांचा दवाखाना, श्रेणी दोन,
जिंतूर रोडला, टाकीच्या मागं.
ती पोपटी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

मुंजाजीचा फोन साडेअकराला:
"साहेब, गाय आत्ता चरत होती, आत्ता पडली."
मी साहेब नाही. साहेब परभणीला, मिटिंगला.
बाटल्या घेतल्या, गाडीला किक मारली.

वाटेत नेहमीची मंडळी उभी होती.
बांधावर रुई. कॅनॉलच्या कडेनं बेशरम.
पाराजवळ पिवळी कण्हेर, नटलेली.
शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत,
जिच्या बिया बदाम समजून खाल्ल्या
आणि चौथीचा अख्खा वर्ग ओकत बसला होता
आरोग्य केंद्राच्या पायऱ्यांवर.
तेव्हा एक पोरगी मला म्हणाली,
"काका, शेळीला देता तेच द्या की."
या सगळ्यांचं वैर उघड आहे,
शेळीसुद्धा यांना वळसा घालून जाते.
ज्वारीचं तसं नाही.
तिच्या भाकरीवर मी वाढलो.

गाय आडवी. मान ताणलेली, तोंडाला फेस.
शीर धरली, सुई घातली, थेंब आला
लालभडक.
मरणाऱ्या जनावराचं रक्त इतकं ताजं दिसू नये.
पुस्तकात लिहितात, कडू बदामाचा वास येतो.
कडू बदाम मी कधी पाहिला नाही.
मला वास आला कोवळ्या ज्वारीचाच.

एक बाटली. मग हळूहळू दुसरी.
मुंजाजीची आई गुळाचं पाणी घेऊन उभी.
जुन्या लोकांना माहीत होतं, थोडं.

थोडंच.
रझाकाराच्या आधी कधीतरी मालकाचा बैल मेला
आणि माझ्या आज्याला, सटवाला, लिंबाला बांधलं.
मेलेलं जनावर ओढायचं काम त्याचं,
कातडं त्याचं,
म्हणून संशयही त्याचाच.
झोपडी झाडली. पाच गुंजा सापडल्या,
लाल, काळ्या डोळ्याच्या,
दृष्ट लागू नये म्हणून आत्याच्या मनगटात ओवलेल्या.
म्हणे, गुंजा वाटून सुई केली, सुई टोचून बैल मारला.
सोनारही गुंजेनंच सोनं तोलायचा,
त्याला कुणी बांधलं नाही.
सटवाचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही.

ट्रेनिंगला सरांनी सांगितलं:
गुंजेची सुई दोन-तीन दिवस घेते,
टोचल्या जागी सूज धरते.
आणि किराळ? किराळ मिनिटांत.
मालकाचा बैल फुटव्यात शिरला
आणि गड्याची चिलीम विझायच्या आत गेला.
बाप मला हे चिलमीसकट सांगायचा, हळू आवाजात,
जणू त्यात अजून काही शाबीत व्हायचं राहिलंय.
मी वही मिटली. सर म्हणाले, बरं नाही का?

गायीनं कान हलवला. मग मान.
तासाभरानं उभी राहिली, लटपटत,
आणि येड्यागत पुन्हा त्या हिरव्याकडंच तोंड केलं.
मुंजाजीनं दावं खेचलं.
"फुलोऱ्यात येईस्तोवर इकडं सोडू नका," मी म्हणालो.
त्याच्या आईनं चहा आणला, घरातल्या कपात.
मी बघतो अजून, कोणत्या कपात ते.

गोष्ट असती तर मुंजाजी त्या मालकाचा पणतू निघाला असता.
नाही. त्याचं गावही वेगळं.

संध्याकाळी रजिस्टर भरलं.
निदान: किराळ. परिणाम: बरी.
मागची तारीख घालायची सोय त्यात नसते.
एक रकाना राहिला होता, जात.
तिथं लिहिलं, लालकंधारी.